मेव्हणा विरघळत नाही

आमच्या केलगेरीचे श्रीपादण्णा माणसांवरचा राग बाटलीत भरून ठेवतात. खोटं वाटत असेल तर त्यांच्या प्रयोगशाळेतलं कपाट बघा. वरच्या फळीवर मेव्हणा, मधल्या फळीवर दोन माजी विभागप्रमुख आणि तळाशी, उजेड लागू नये म्हणून काळ्या कागदात गुंडाळलेले, एक कुलगुरू.

बाकीचे संशोधक नव्या रसायनाला आकडा देतात. अण्णा नाव देतात, तेही ज्यानं छळलं त्याचं. "आकडा विसरतो हो माणूस, वैरी नाही विसरत." नावांचा तुटवडा कधी पडला नाही, नोकरी विद्यापीठातली.

ही बाटल्यांतली मंडळी हुबळीला, देशपांडे नगरात डॉ. शैलजांकडे जात. बाई रक्तविकाराच्या तज्ज्ञ. अण्णांनी रसायन घडवायचं आणि बाईंनी ते रक्तावर तपासायचं, एवढाच दोघांचा करार, भांडण वरकड. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन अण्णा माझ्या गाडीत बसत, आणि खड्डा आला की मला कन्नडमध्ये अन् सरकारला मराठीत शिव्या देत. हुबळी येईपर्यंत मी दोन्ही भाषांत पंडित होई.

मग घरी फोन यायचा.

"सर, तुमचा मेव्हणा विरघळत नाही."

"घरातही नाही विरघळला कधी. पुढं?"

"विभागप्रमुखांचा काडीचा परिणाम नाही."

"मग? मी काय वेगळं सांगत होतो?"

अण्णा खदाखदा हसत. पण फोन ठेवला की आधी आतल्या खोलीकडे बघत. आत अक्का असायची, त्यांची थोरली बहीण. तिला जन्मापासून थॅलेसेमिया. अंगात रक्त टिकत नाही, वरचेवर बाहेरचं चढवायचं. बघायला आलेली स्थळं रोगाचं नाव ऐकून चहा अर्धा टाकून उठली. आता तर बाहेरचं रक्तही तिला सोसेना. बाई ज्यावर तपासत, ते रक्त अक्काचंच.

"श्रीपाद्या, माझं नाव कधी देतोस रे बाटलीला?"

"तू कुठं छळलंस मला?"

यंदा मोगऱ्यासारखं पांढरं काहीतरी जमून आलं. तपासणीच्या आधीच अण्णांनी बाटलीवर 'अक्का' लिहिलं आणि घरी सांगूनही टाकलं.

"अण्णा, निकाल तरी येऊ द्या."

"बिडरी, सोडा हो! हे लागणारच."

फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत समोरच होतो.

"सर... पेशी फुटतायत. सगळ्या."

नाव बाईंनी घेतलं नाही, अण्णांनीही नाही. त्या दिवशी दोघं भांडलेसुद्धा नाहीत.

मी अण्णांना घरी सोडायला गेलो, तर अक्का दारातच उभी. "काय झालं रे माझं?"

प्रयोगशाळेत ज्याच्या हातून उभ्या हयातीत काचेला चरा गेला नाही, तो माणूस म्हणाला, "बाटली पडली हातातून. फुटली. तपासायला काही उरलंच नाही."

अक्का जी भडकली! "धांदरटा! लहानपणी तुपाचा गडू असाच उपडा केलास! हात आहेत का भोकाच्या पळ्या? परत बनव!" मग माझ्याकडं बोट करून, "आणि ह्या खेपेला डबा ह्यांच्याकडं दे!"

"बनवतो."

शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असा उद्धार चालला होता. अण्णा मान खाली घालून उभे. रागानं अक्काच्या पांढऱ्याफटक गालांवर चांगला रंग चढला होता. ती दम घ्यायला थांबली, तसे अण्णा त्या रंगाकडं बघत हळूच म्हणाले,

"दह्याचं मडकंही मीच फोडलं होतं."