बासमतीच्या पोत्यावरचं सभागृह

लॉर्डसाहेब गोदामात आले की आधी तांदळाच्या पोत्यापुढे कमरेत वाकत आणि मग मला त्यावर बसवत.

"आमच्या सभागृहाचे अध्यक्ष लोकरीच्या पोत्यावर बसतात, मिस्टर साठे. इथे बासमती चालेल."

मस्कतच्या हमरिया भागातल्या एका धान्य कंपनीत मी हिशेबनीस होतो. साहेब खरेखुरे इंग्रज लॉर्ड. घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असलेली संसदेतली जागा वडिलांच्या मागे त्यांच्याकडे आली होती. आमच्या अर्बाबांनी, म्हणजे ओमानी मालकांनी, त्यांना सल्लागार नेमलं होतं. सल्ला कोणी विचारला नाही. कंपनीच्या कागदावर लॉर्डचं नाव छापलं की वजन वाढतं, एवढाच हिशेब. दर हिवाळ्यात ते मस्कतला येत.

उंची सहा फुटांच्या वर आणि भीती त्याहून उंच. लिफ्टची भीती, उंटाची भीती, टेलिफोन वाजला तरी दचकत. सगळ्यात मोठी भीती बोलण्याची. इतकी वर्षं सभागृहात बसून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. इंग्लंडातल्या आपल्या गावच्या कोळ्यांच्या मोडक्या धक्क्याविषयीचं पहिलं भाषण तोंडपाठ होतं, पण वडील त्याच सभागृहात अडखळले होते आणि लोक हसले होते. लहानग्या साहेबांनी गॅलरीतून ते हसू ऐकलं होतं.

म्हणून तालीम. मी पोत्यावर, समोर विरोधी पक्ष म्हणून आमचा वसईचा स्टोअरकीपर लोपीस. साहेब "माय लॉर्ड्स" म्हणत आणि थांबत. चेहरा मैद्यासारखा होई. मग घाम पुसून म्हणत, "पुढच्या अधिवेशनात, इन्शाल्ला."

"साठेभाऊ, याचं भाषण म्हणजे आपलं इन्क्रिमेंट," लोपीस मराठीत कुजबुजे. "येतंय येतंय म्हणतात, येत नाय."

मी हसत असे. भीती आम्हालाही होतीच, व्हिसा अर्बाबांच्या हातात होता. आम्ही तिची तालीम करत नव्हतो, इतकंच.

१९९९ मध्ये कळलं की वारशाने आलेल्या बहुतेक लॉर्डांना सभागृहातून काढणार. साहेबांना आता पुढचं अधिवेशन उरलं नव्हतं. शेवटच्या अधिवेशनासाठी लंडनला निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "हे पोतं विकणार नाही ना?" किलोचीही तूट खपवून न घेणारा मी, पण ते पोतं 'नमुना' म्हणून बाजूला काढलं.

हिवाळ्यात ते परतले. लोपीसने दारातच गाठलं. "सर, बोललात?"

"उठलो," साहेब म्हणाले. "त्याच वेळी आणखी एक वृद्ध गृहस्थ उठले. मी त्यांना आधी बोलू दिलं. मग वेळ संपली. खलास."

सवयीने मी पोत्याकडे वळलो, तर साहेबांनी मला थांबवलं आणि स्वतःच त्यावर बसले. तांदळाला पोरकिडे झाले होते, ते त्यांच्या कोटावर चढू लागले.

"आज तुम्ही बोला, मिस्टर साठे. आल्यापासून तुमचा चेहरा पाहतोय. कशाची भीती वाटते?"

अर्बाबांनी आपल्या पुतण्याला काम शिकायला माझ्या टेबलाशी बसवलं होतं. तो शिकला की माझी जागा त्याची. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. "माय लॉर्ड्स," म्हणालो. आणि साहेबांसारखाच तिथे थांबलो.

कोणी हसलं नाही. साहेब उठले आणि, ज्या पोत्यापुढे ते नेहमी वाकत, त्याला पाठ करून माझ्यापुढे वाकले.

"पुढच्या अधिवेशनात, मिस्टर साठे."

"इन्शाल्ला," लोपीस म्हणाला.