पुंडलिकची सुरक्षित दुपार

पुंडलिकइतका सुरक्षित नवरा अख्ख्या पेण तालुक्यात शोधून सापडला नसता! हे त्याचं स्वतःचंच मत होतं, पण पक्कं होतं. डोलवीच्या कंपनीत तो एका ठेकेदाराकडे सेफ्टी सुपरवायझर होता. त्याच्या शिफ्टमध्ये कुणाच्या बोटाला साधं खरचटलेलं नव्हतं. घरात केळं खाल्लं तरी साल कचऱ्यात पडेपर्यंत तो कुणाला जागचं हलू देत नसे.

अशा माणसाच्या बायकोने, म्हणजे नमिताने, एके दिवशी मोबाईल त्याच्यापुढे धरला. पडद्यावर एक छोटं मशीन होतं. त्याला दोन वायरी, वायरींच्या टोकांना चिकटपट्ट्या. हलका विजेचा झटका देऊन नवरा-बायकोच्या सुखात भर घालणारं.

"मुलगी हॉस्टेलला गेली, तुम्ही शिफ्टवरनं येता नि झोपता," ती म्हणाली. "आपण एका घरात राहतो एवढंच. मी हे एकदाच विचारतेय. हसलात तर पुन्हा नाय विचारणार."

पुंडलिक हसला नाही. नमिताने मागितलेली ही एक गोष्ट फसता कामा नये आणि तिला इजाही होता कामा नये, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. म्हणाला, "आधी डॉक्टर!"

पेणच्या डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "बॅटरीवरचंच घ्या. कंबरेच्या वर लावायचं नाही, छातीजवळ तर मुळीच नाही. कातडी सोललेली असेल, जळजळ असेल, तर नको. दिवस राहिले असतील तरी नको. सोबतची जेल वापरा, दरवेळी पट्ट्या स्वच्छ पुसा, सगळ्यात कमी झटक्यावर सुरुवात करा आणि दुखलं की बंद."

"हेल्मेट?" पुंडलिकने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

मशीन घरी आलं. रविवारी दुपारी पुंडलिकची आई ठमाबाई कासूला बहिणीकडे गेली. ती पोचली असेल असा हिशेब करून तासाभराने पुंडलिक पलंगासमोर उभा राहिला आणि त्याने घसा खाकरला. "आजच्या कामात धोके कोणते?"

"तुमचं भाषण," नमिता म्हणाली.

"धातूच्या वस्तू काढ. बांगड्या, पैंजण. आणीबाणीत बाहेर पडायचा रस्ता कुठला?"

"खिडकी. आता टाकतेच उडी!"

पण ती हसत होती. कित्येक महिन्यांनी अशी हसत होती! पुंडलिकला हुरूप आला आणि तिथेच घात झाला. मशीन बॅटरीवरचं होतं, तरी पलंगाजवळ प्लग होता. त्याच्याशी चुकून कुणाचा संबंध आला तर? कंपनीत काम सुरू करण्याआधी मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावतात, वर काम करणाऱ्याचा फोटो असलेली लाल पाटी टांगतात. त्याने बाहेर ओटीवर जाऊन तेच केलं. बोर्ड शेजारच्या गुणाजीचा नि त्याचा सामाईक. त्यातला आपला स्विच कुठला याची खात्री नव्हती, म्हणून त्याने दोन्ही पाडून दोन्हींना कुलपं ठोकली.

मग आत येऊन त्याने पट्ट्या आधी स्वतःच्या मांडीला चिकटवल्या. "पहिली चाचणी सुपरवायझरवर!" मशीन लुंगीच्या गाठीत खोचलं. मांडीत मुंग्या आल्या. छान वाटलं!

इकडे गुणाजीच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचा पीतांबर अर्धा रंगला असतानाच रंग फवारणारा कंप्रेसर बंद पडला. गुणाजी बोर्डापाशी आला. लाल पाटीवरून पुंडलिकचा फोटो त्याच्याकडे बघत होता. खाली लिहिलं होतं, 'धोका! या लाईनवर माणूस काम करत आहे.'

आसपास माणूस तर दिसेना! गुणाजीच्या काळजाचं पाणी झालं. त्याने दार बडवलं. "पुंडलिक! जित्ता हायस का रे?"

पुंडलिक दचकला आणि त्याने लुंगी घट्ट धरली. लुंगीबरोबर मशीनचं बटण दाबलं गेलं. मांडी टणकन उडाली. लुंगी सुटेल म्हणून त्याने अजून घट्ट धरली, झटका अजून वाढला. तशाच एका पायावर नाचत त्याने दार उघडलं.

गुणाजीने बघितलं. पाय थडथडतोय, दात कडकड वाजतायत, लुंगीतून वायर लोंबतेय! शॉक लागलेल्याला हात लावायचा नाही, सुक्या लाकडाने बाजूला ढकलायचं, हे गेल्या वर्षी मंडपात पुंडलिकनेच सगळ्यांना शिकवलं होतं. गुणाजीने ओटीवर वाळत ठेवलेला गणपतीचा पाट उचलला आणि सर्व शक्तीनिशी हाणला!

पुंडलिक थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पडला. पट्ट्या निघाल्या, मशीन घरंगळत दारात गेलं. नेमकी त्याच वेळी ठमाबाई दारात उभी. बहिणीच्या घराला कुलूप होतं, म्हणून ती आल्या पावली परतली होती.

"ह्यो काय रं?" तिने मशीन उचललं.

"कंबरेचं मशीन हाय, आई!" नमिता घाईने म्हणाली.

"व्हय? मग माज्या गुडघ्याला लाव गो!" आणि ठमाबाईने पट्टी गुडघ्यावर दाबलीसुद्धा.

ठमाबाईच्या छातीत पेसमेकर होता. खरं सांगावं तर लाज जाते, न सांगावं तर आई जाते! तो उठायला गेला, पण पाट वर्मी बसला होता.

नमिताने पुढे होऊन मशीन काढून घेतलं. तिचे कान लालेलाल झाले होते, पण आवाज हलला नाही. "आई, खोटं बोलले. तुमच्या छातीतल्या मशीनला ह्याचा धोका हाय. आनि हे आमच्या दोघांचं हाय, नवरा-बायकोचं. मीच मागवलंय."

गुणाजी पाटाकडे बघत राहिला. ठमाबाईने सुनेकडे बघितलं, उताण्या पडलेल्या लेकाकडे बघितलं, आणि चपला पायात सरकवल्या.

"चल गुणाजी, तुज्या कारखान्यात बसू. च्या पाज मना. सावकाश पाज."

दार लागलं. पुंडलिक लंगडत पलंगावर येऊन बसला. नमिताने बटण दाबून बघितलं. बॅटरी संपली होती.

"संपलं," पुंडलिक रडवेला होऊन म्हणाला. "चार्जिंगला लावून तर वापरायचं नसतंच. माझ्यामुळे सगळं..."

"मशीन लावा चार्जिंगला," नमिता म्हणाली. "नि तुम्ही इकडं या."

त्याने पिन खोचली आणि तो तिच्याकडे गेला. चार्जरचा दिवा लागला नव्हता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

ध्यानात होतं ते गुणाजीच्या. भिंतीवर थापा पडू लागल्या. "पुंडलिक! लाईट दे की रे! अजून किती येळ?"

मागोमाग ठमाबाईचा आवाज आला. "गप रं! आजच्या दिस हातानं रंगव!"