इंजिनच्या दिव्याची एकतीस कार्डं

अठरा वर्षांच्या गाडीत अधूनमधून लागणाऱ्या दिव्याचं कारण मी घरबसल्या शोधून काढीन, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं! (‘छातीठोकपणे’ हा शब्द स्वतःबद्दल पहिल्यांदाच वापरतोय. शोभत नसेल तर खोडून वाचा.)

मी निवृत्त ग्रंथपाल. चाळीस वर्षं हरवलेली पुस्तकं शोधली, मग दिव्याचं काय एवढं? डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला की एक कार्ड भरायचं. तारीख, वेळ, रस्ता, वेग. पंधरावीस कार्डं झाली की बिघाड आपणहून हात वर करून उभा राहणार!

पहिलं कार्ड भरलं आणि लेकीला फोन केला. ती दूरच्या शहरात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. पाना धरायला ती याच गाडीवर शिकली, म्हणून तर मी गाडी विकत नाही. एरवी आमचा फोन म्हणजे, “जेवलात?” “जेवलो.” “तब्येत?” “बरी.” “ठेवते.” चाळीस सेकंद! फोनवर बोलण्याचं खातं तिच्या आईकडे होतं. दोन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून ते कुणी सांभाळलेलंच नाही.

पण त्या दिवशी लेक बावीस मिनिटं बोलली. इंजिन गार होतं की गरम? धक्के बसले का? वास आला का? मध्येच हसलीसुद्धा. मी घड्याळाकडे बघत नव्हतो, पण बावीस मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. सतरा मिनिटं!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला तिचाच फोन आला. “बाबा, लागला?”

“नाही.”

“वा! ठेवते मग.”

अकरा सेकंद. मी रिसीव्हर बराच वेळ हातात धरून उभा होतो, एखादं पुस्तक परत करायला आलेल्या पण खिडकी बंद दिसलेल्या वाचकासारखा.

चौथ्या दिवशी मी म्हणालो, “लागला!”

खोटं बोलणं मला जमत नाही, पण कार्ड भरणं जमतं. कार्ड भरलं की ते खरंच वाटतं. “डावीकडे वळताना लागतो,” मी सांगितलं.

“फक्त डावीकडे?”

“फक्त डावीकडे. आणि पुलावर.”

दुसऱ्या दिवशी लेक उत्साहानं फसफसत होती. “बाबा, वर्कशॉपमध्ये दोन तट पडलेत! अर्धे म्हणतात सेन्सर, अर्धे म्हणतात वायर. फळ्यावर तुमच्या रस्त्यांचा नकाशा काढलाय!”

माझ्या रस्त्यांचा नकाशा! अहो, चाळीस वर्षांत माझ्या कुठल्याच गोष्टीवरून कधी दोन तट पडले नव्हते. मी चेकाळलो. रोज सातला फोन, रोज नवं कार्ड. चढावर, उतारावर, ढगाळ हवेत, रेडिओवर बातम्या लागल्या की! एकतिसाव्या कार्डाला मात्र माझा तोल गेला.

“आणि दिवा लागला,” मी म्हणालो, “की वायपर आपोआप हलतात.”

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

“बाबा,” लेक हळू आवाजात म्हणाली, “गाडीला हात लावू नका. उद्या सकाळी दहाला घरीच थांबा.”

येतेय! ‘ये’ हा एवढासा शब्द मला दोन वर्षांत म्हणता आला नव्हता. तिची रजा जाईल, काम अडेल, आणि आल्यावर माझ्याशी ती बोलणार तरी काय? वायपरनी ते काम करून टाकलं! मी तिच्या खोलीतली पुस्तकांची चळत हलवली, नवी चादर घातली, तिचा कान तुटलेला कप विसळून ठेवला. पावणेदहापासून दाराशीच होतो.

बरोब्बर दहाला घंटी वाजली. दारात टक्कल पडलेले, जाड मिशांचे एक गृहस्थ पेटी घेऊन उभे!

“मी वर्कशॉपचा उस्ताद. ताईंनी पाठवलंय, रात्रीच्या गाडीनं आलो. म्हणाल्या, आता हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, तुम्हीच जा.”

मी त्यांच्या मागे पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं.

खाली जाऊन उस्तादांनी गाडीला एक छोटं यंत्र जोडलं आणि बराच वेळ वाचत बसले. “काका, दिवा लागल्याची नोंद गाडी स्वतः ठेवते. यात दोनदाच लागलाय. तुमची कार्डं किती?”

“एकतीस.”

“आणि वायपर?”

“वायपर… ही माझी भर आहे.”

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर, खिडकीत वाळत घातलेल्या तिच्या खोलीतल्या उशीच्या अभ्र्याकडे पाहिलं. ते गाडीखाली शिरले आणि तासाभरानं बाहेर येऊन त्यांनी फोन लावला.

“ताई, सापडलं. सेन्सरची वायर सैल होती. हो, डावीकडेच. वायपर? ते… ते पण बघितलं मी.”

मग फोन माझ्याकडे आला. “सुटलो आपण, बाबा! आता तो दिवा काही लागत नाही!”

“नाही ना?”

“उस्तादांच्या हातची गाडी परत येत नाही. निर्धास्त राहा. ठेवते!”

नऊ सेकंद.

वर येऊन चहा घेऊन निघताना उस्ताद म्हणाले, “काका, पेट्रोल भरल्यावर टाकीचं झाकण टकटक आवाज येईपर्यंत फिरवायचं. सैल राहिलं तर हाच दिवा परत लागतो. पुष्कळ जण विसरतात.” जिना उतरता उतरता थांबून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

त्याला आता सहा दिवस झाले. दिवा लागलेला नाही. उस्ताद खरोखरच फार हुशार निघाले! सात वाजतात, साडेसात वाजतात, आणि मी रिसीव्हर नीट ठेवलाय ना, तेवढं बघून येतो.

उद्या पेट्रोल भरायला जायचंय. कार्ड आत्ताच भरून ठेवलंय. फक्त वेळ लिहायची राहिलीय.