कामचोराचा आलेख

मला राग येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे वाचाल त्यावरून तुमचा उगाच गैरसमज होईल. मी अत्यंत शांत माणूस आहे. फक्त माझा मेहुणा समोर आला की माझं डोकं फिरतं. त्यात माझा काय दोष?

हा माणूस म्हणजे घरातला लाडोबा! सोफ्यासारखं काही जड उचलायचं निघालं की हा आधी बाह्या सरसावणार, मग 'हंऽऽ' असा आवाज काढणार, मग कपाळ पुसणार. झालं! सासूबाई लगेच पाण्याचा तांब्या घेऊन धावतात. "दमला गं माझा सोन्या!" आणि मी? मी त्याच सोफ्याचं दुसरं टोक धरून उभा असतो. मला पाणी सोडाच, "जरा बाजूला व्हा" एवढंच ऐकायला मिळतं! लग्नापासून ऐकतोय. हा नुसता आवाज काढतो आणि ओझं मी वाहतो, याची मला पक्की खात्री होती.

या वेळी मी त्याला पुराव्यासकट पकडणार होतो. मी जिथे नोकरी करतो तिथे अंगावर चिकटवायचे सेन्सर बनतात. कोटाच्या बटणाएवढी चकती. ती एखाद्या स्नायूवर चिकटवली की तो स्नायू किती काम करतोय त्याची रेघ फोनवर उमटते. काम केलं तर रेघ उड्या मारते, नाही केलं तर आडवी पडून राहते. माणूस कितीही 'हंऽऽ' करो, स्नायू खोटं बोलत नाही! हे वाक्य आमच्या माहितीपत्रकात मीच लिहिलंय. सोमवारी एका मोठ्या गिऱ्हाइकाला यंत्र दाखवायचं कामही माझ्याकडेच होतं. सौदा जमला तर विभागप्रमुख मी. नाही जमला तर ती खुर्ची माझ्या शेजारच्या टेबलावरच्या त्या माणसाला, जो दिवसभर शीळ घालत बसतो! त्याच्याविषयी मी बोलणार नाही. बोललो तर थांबणार नाही.

रविवारी सासूबाईंचं लाकडी कपाट आमच्याकडे यायचं होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी "चाचणी घेतो" म्हणून यंत्राची पेटी घरी आणली. जिन्याच्या तळाशी मेहुण्याच्या दंडावर एक आणि पाठीवर एक चकती चिकटवली. फोनवर प्रत्येक चकतीला नाव द्यावं लागतं. मी बिनधास्त लिहिलं: 'कामचोर दंड', 'कामचोर पाठ'. माझ्या अंगावरच्या दोन चकत्या म्हणजे 'मी दंड' आणि 'मी पाठ'.

"भावोजी, मला काही झालंय का?" मेहुण्याने घाबरून विचारलं.

"कळेल!"

पेटीत पाचवी चकती उरली. आणि पाचही चकत्या अंगावर असल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही. ही अक्कल कुणाची? शीळवाल्याची! मी तणतणत जागा शोधत होतो, तेवढ्यात बायकोने चकती हिसकावली आणि माझ्या गालावर, थेट जबड्याच्या कोपऱ्यात थापली.

"अगं, तिथे कशाला?"

"जी जागा दिसली तिथे लावली. उचला आता! आई केव्हाची उन्हात उभी आहे."

तिला मी 'मी जबडा' असं नाव दिलं आणि फोन बायकोच्या हातात ठेवला. कपाट निघालं. मी नेहमीप्रमाणे वरच्या टोकाला. वरच्या टोकाला डोकं लागतं हो, खालच्याला काय, नुसतं ढकलायचं असतं.

"डावीकडे!" मी ओरडलो. कपाट उजवीकडे गेलं.

"अरे डावीकडे म्हटलं ना!"

"डावीकडेच घेतोय, भावोजी!"

"माझं डावं, गाढवा!"

"म्हणजे माझं उजवं?"

"तुझं काहीही मध्ये आणू नकोस!"

पहिल्या मजल्याच्या वळणावर कपाट तिरकं होऊन अडकलं. वरही जाईना, खालीही येईना. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे निवृत्त ट्रक ड्रायव्हर दार उघडून बाहेर आले आणि कुणी न विचारता सुरू झाले, "मागे घ्या... अजून... अजून... कट मारा!" मी त्यांच्यावर ओरडलो. बायको माझ्यावर ओरडली. खालून सासूबाई ओरडल्या, "सोन्याला लागलं का?" जावई मेला तरी चालेल! माझ्या कानशिलातून वाफा निघायच्या बाकी होत्या.

"अहो," बायको फोनकडे बघत म्हणाली, "तुमची रेघ झोपलीये."

"कामचोराची असेल ती!"

"नाही. कामचोराच्या दोन्ही रेघा नाचतायत. मी दंड, मी पाठ... दोन्ही सपाट."

"अशक्य! यंत्र उलटं धरलंयस! आण इकडे!"

मी तिच्या हातून फोन ओढला. बघतो तर खरंच सपाट! फक्त पाचवी रेघ, जबड्याची, चौकटीच्या छताला डोकं आपटत होती. मी दोन्ही हातांनी फोन गदागदा हलवला. हलवता हलवता अचानक लक्षात आलं की मी दोन्ही हातांनी फोन हलवतोय.

कपाट जागचं तसूभरही हललं नव्हतं.

मग कपाटाच्या खालून मेहुण्याचा आवाज आला, "भावोजी, बघून झालं असेल तर जरा बाजूला व्हा ना. वळवता येईल."

मी बाजूला झालो. कपाट वळलं. ट्रक ड्रायव्हरांनी वरचं टोक नुसतं सांभाळलं आणि दोघांनी ते गुपचूप वर नेलं. सासूबाई तांब्या घेऊन चढल्या, मुलाला पाणी दिलं आणि मग माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, तुम्हीही घ्या. बोलून बोलून घसा सुकला असेल."

त्या रात्री मी तणतणतच झोपलो. आणि त्या संतापात एक गोष्ट करायची राहून गेली. ती नोंद पुसायची!

सोमवारी गिऱ्हाईक आलं. सामान हलवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या मालकीणबाई. साहेबांनी उत्साहाने यंत्रातली शेवटची नोंद भिंतीवरच्या पडद्यावर लावली. हातभर मोठ्या अक्षरांत 'कामचोर'!

"हा कामचोर कोण?" बाईंनी विचारलं. "बिचाऱ्याने एकट्याने सगळं ओझं घेतलंय!"

"टोपणनाव आहे," मी म्हणालो. "प्रेमाचं."

"आणि हा 'मी'? याचा दंड आडवा, पाठ आडवी. आणि जबडा बघा! याने काय दातांनी ओझं उचललं?"

मागे शीळ थांबली. साहेबांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "यंत्रात काही बिघाड होता का?"

सुटायला एक शब्द पुरे होता. 'होता' म्हटलं की माझी अब्रू वाचली. पण मग सौदा गेला, आणि खुर्ची शीळवाल्याला! माझा असा संताप झाला, यंत्रावर, कपाटावर, त्या मेहुण्याच्या दंडावर, की बोलताना शब्द दातांतून बाहेर आले.

"यंत्र अचूक आहे, साहेब. स्नायू खोटं बोलत नाही."

बाई खूश झाल्या. "घेते! आमच्याकडे असे बरेच 'मी' आहेत, ते शोधून काढायचेत. आणि त्या कामचोराचा नंबर द्या. मला असाच माणूस हवाय."

मी विभागप्रमुख झालो. मेहुणा त्या कंपनीत मुकादम झाला, आणि सासूबाईंनी पेढे वाटत सगळ्यांना सांगितलं की सोन्याने स्वतःच्या हिमतीवर नोकरी मिळवली. मला त्याचाही राग आला नाही. मला राग येतच नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलंय.

फक्त ती पाचवी चकती मी हल्ली कुणाला गालाजवळ आणू देत नाही.