धूर निघावा म्हणून

गाडी विकायचं आईने ठरवलं, तेव्हा मुलगी काहीच बोलली नाही. बोलायचं ते गाडीच बोलेल, अशी तिची खात्री होती. सतरा वर्षांची ती डिझेल गाडी सुरू होताना आधी खोकायची, मग अंगणभर काळा धूर सोडायची, आणि चढावर तर अशी रडतखडत जायची की सायकलवाले मागे वळून तिच्याकडे सहानुभूतीने बघत. असली गाडी पाहून गिऱ्हाईक फाटकातूनच परत फिरणार. मग आपण कशाला वाईट व्हायचं?

गाडी वडिलांची. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. आईने त्यांचे कपडे देऊन टाकले, चष्मा देऊन टाकला, तेव्हाही मुलगी गप्पच होती. पण रोज सकाळी ती ग्रंथालयात नोकरीला जायची ती याच गाडीने, आणि गाडीवर तिचा जीव होता. ते आईला सांगायचं कसं? आईच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नसताना आपण रडारड करणं तिला बरं दिसेना.

गिऱ्हाईक शोधून आणलं मामाने. मामा दोन दिवसांसाठी म्हणून आला होता आणि आता दुसरा आठवडा चालू होता.

"गाणं शिकवणारे सर आहेत," मामा म्हणाला. "सज्जन माणूस. गाडीतलं ओ की ठो कळत नाही. ताई, असं गिऱ्हाईक दिवा घेऊन शोधलंस तरी मिळायचं नाही. रविवारी येतायत."

"आणि धूर?" मुलीने आशेने विचारलं.

"धूर काय, चुलीलाही असतो."

"सज्जन माणसाच्या गळ्यात धूर ओकणारी गाडी बांधायची नाही," आई म्हणाली. "आधी नीट करायची, मग विकायची."

मुलीने खिडकीतून गाडीकडे पाहिलं.

शनिवारी मेकॅनिक आला. लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनावर आणि दुसरं कानाशी धरून तो रोग ओळखायचा, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत. त्याने डोळे मिटून ऐकलं, मान हलवली आणि निदान सांगितलं.

"झडप तुंबलीय. ईजीआरची."

"म्हणजे?" आईने विचारलं.

"काकू, ही गाडी स्वतःचाच थोडा धूर परत आत घेते. बाहेर घाण कमी जावी म्हणून तशी सोयच केलेली असते. किती घ्यायचा ते ही झडप ठरवते. आता हिच्यात काजळी बसलीय आणि झडप उघडी ती उघडीच. हवेपेक्षा धूरच जास्त पितेय बिचारी. मग दम लागणार नाही तर काय?"

चार बोल्ट काढून त्याने झडप बाहेर काढली. मुठीएवढी वस्तू, आत जळक्या कढईसारखी काळीकुट्ट. "सोमवारी साफ करून देतो," तो म्हणाला.

"एवढंसं भांडं घासायला सोमवार कशाला?" आईने हात पुढे केला. "द्या इकडे."

"काकू, ते भांडं नाही—"

पण तोवर आईने पदर खोचला होता. डॉक्टरने दिलेला फवारा मारायचा, काजळी सुटली की खरवडायची, असं काम सुरू झालं. चमच्याचा दांडा कोपऱ्यात पोहोचेना. आईने मामाला पिटाळलं, "मोरीतला दात घासायचा जुना ब्रश आण." मामाने एक हिरवा ब्रश आणला आणि आईने झडप अशी घासली की डॉक्टरचा चहा हातातच गार झाला. संध्याकाळी तोंड धुताना मामाला कळलं, की घरात जुना असा एकच ब्रश होता आणि त्याने आणला तो त्याचा स्वतःचा.

झडप चकचकली. डॉक्टरने सांध्यात नवं गॅस्केट घालून ती जागेवर बसवली. गाडी एकदाच खोकली, थोडासा धूर सोडून शांतपणे चालू राहिली.

"पाइपात अजून काजळी आहे," डॉक्टर म्हणाला. "चढाला थोडी कुरकुर करेल. पण बारा आणे काम झालं. खरं सांगू काकू, गुण आहे तुमच्या हाताला."

मुलगी खोलीत गेली आणि गाडीचं माहितीपुस्तक उघडून बसली. पाचशे पानांचं पुस्तक, वडिलांचं आवडतं. समासात त्यांच्या पेन्सिलच्या बारीक खुणा होत्या. ती एरवी तळटीपसुद्धा न सोडणारी बाई. पण या पुस्तकातल्या खुणांच्या ओळी तेवढ्या तिने वाचल्या. बाकीच्या ओळींवरून तिची नजर घसरत गेली. एका खुणेपाशी लिहिलं होतं, 'झडप विजेवर चालते. जोड निघाल्यास ती काम करत नाही.' खाली एक चित्रही होतं.

काम करत नाही! तिला एवढंच पाहिजे होतं. झडप बंद पडली की धूर परत, आणि धूर आला की गिऱ्हाईक पसार.

रविवारी सर आले. आई त्यांना चहा देत होती, मामा गाडीचे गुण गात होता. मुलीने "जरा तेलपाणी बघते" म्हणत बॉनेट उघडलं, चित्रातला तो जोड दोन बोटांनी दाबून उपटला, आणि साळसूदपणे मागच्या सीटवर जाऊन बसली. मांडीवर माहितीपुस्तक होतंच.

सरांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली नाही. समोर एक पिवळा दिवा तेवढा लागला.

"हा दिवा कसला?" सरांनी विचारलं.

"चालू आहे ना?" मामा मागून म्हणाला. "मग झालं तर. बंद असता तर काळजी."

शेजारी बसलेल्या आईने मामाकडे वळून असं पाहिलं की तो सीटमध्ये चार बोटं खाली गेला.

फाटक ओलांडलं, बाजार ओलांडला. धुराचा पत्ता नाही. मुलीने आशेने मागच्या काचेतून पाहिलं. रस्ता धुतल्यासारखा स्वच्छ. समोर चढ आला. आता तरी, ती मनात म्हणाली. सरांनी पाय दाबला आणि गाडी त्या चढावर अशी सुसाट निघाली की एक ट्रक मागे पडला.

"वा!" सर म्हणाले. "आवाज ऐकलात? एकदम सुरात!"

मुलीने घाईघाईने पुस्तक उघडलं. खुणेच्या ओळीखाली, बिनखुणेची ओळ होती, 'वीज नसताना स्प्रिंगमुळे झडप बंद राहते आणि धूर परत आत जात नाही.' मुलीने पुस्तक मिटलं. गाडीला सतरा वर्षांत कुणी इतका मोकळा श्वास घेऊ दिला नव्हता, आणि तो द्यायचं काम तिने स्वतःच्या हाताने केलं होतं.

माथ्यावर सरांनी गाडी थांबवली. "मॅडम, मी घेतली. आजच न्यायची माझी तयारी आहे."

आई समोरच्या काचेतून बघत होती.

"नाही द्यायची," ती म्हणाली.

"ताई!" मामा ओरडला.

"पण तुम्हीच तर विकायला काढलीत," सर म्हणाले.

"बिघडली होती म्हणून काढली. आता चांगली चाललीय, तर विकू कशाला?"

"अहो, बिघडलेली मी घेतली असती का?"

"तेच म्हणतेय मी. बिघडलेली तुम्ही घेणार नाही, चांगली मी देणार नाही. मग व्यवहार व्हायचा कसा?"

माणूस सज्जन होता. त्यांनी मुकाट्याने गाडी आपल्या घरापर्यंत नेली आणि फाटकाशी उतरले. गाडी घ्यायला निघालेला माणूस निदान गाडीने घरी पोहोचला. त्यांची समजूत काढायला मामाही तिथेच उतरला.

मुलगी चाकाशी बसली. थोडं अंतर गेल्यावर तिच्याने राहवेना.

"आई, मी एक तार काढून ठेवली होती. धूर यावा म्हणून. गाडी जाऊ नये म्हणून."

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"तू तरी कुठे काही सांगतेस?"

आईने बाहेर पाहिलं. "हे शेवटी खोकायचे तसंच ते खोकणं. ऐकवत नव्हतं गं मला. सकाळी तू गाडी सुरू केलीस की मी नळ सोडून उभी राहायचे."

मुलीला वाटायचं, आई भांडी विसळतेय. रस्ता रिकामा होता, तरी तिने गाडी फार जपून चालवली.

"घे बाजूला," आई एकदम म्हणाली.

"काय झालं?"

"ऊठ तिथून. मी बसते."

"आई, तुला येत नाही."

"सतरा वर्षं ही गाडी मीच चालवलीय. चाक तेवढं यांच्या हातात होतं." आई खाली उतरून, वळसा घालून आली. पदर खोचून चाकाशी बसली आणि सीट पुढे ओढून घेतली.

"बरं. आधी ब्रेक कुठला ते समजून घे—"

"ब्रेक मला नको शिकवू. यांच्या शेजारी बसून इतकी वर्षं तोच दाबत आलेय," आई म्हणाली. "हॉर्न दाखव. त्याला त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही."