रघोजीरावांचा दोर

रघोजीराव ऑफिसात आले की आधी आपली खुर्ची खिडकीच्या गजाला बांधत आणि मगच तिच्यावर बसत. जमीन तंजावरची, म्हणजे पाटासारखी सपाट. खुर्ची पडून पडून पडणार कुठे, हे विचारायची सोय नव्हती. "पडल्यावर बांधून काय उपयोग?" असं ते उलट विचारत. त्यांचं पेन शर्टाच्या काजाला बांधलेलं, छत्री सायकलला, चष्मा गळ्यात. शिपाई कॅलेंडर लावायला स्टुलावर चढला, तर हातातली फाईल टाकून हे धावत, त्याच्या कमरेला दोर बांधत आणि दुसरं टोक स्वतः धरून उभे राहत. स्टूल दीड हात उंच होतं.

आमचं ऑफिस कालव्यांचं. रघोजीराव हेडक्लार्क, मी त्यांच्या हाताखाली. दोघांच्याही घरी मराठी, तीही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात मुरलेली, त्यामुळे साहेबांसमोर साहेबांविषयी बोलायची आमची उत्तम सोय होती.

तरुणपणी ते एका धरणाच्या मोजणीसाठी दोन वर्षं डोंगरात होते. कडे चढणाऱ्यांचा दोर धरायला तिथेच शिकले. मग वडील वारले. आई आणि चार बहिणी सांभाळायला ते परत आले, बहिणींची लग्नं झाली, यांचं राहून गेलं. डोंगराचं वेड तेवढं सोबत आलं. वर्षातून एकदा ते आम्हा तिघांना पुदुक्कोट्टैकडच्या खडकाळ माळावर चढाईला नेत. तिघे म्हणजे मी, शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा नटराजन आणि मोपेड दुरुस्त करणारा आरोक्यसामी. तिकडे ना कालवा, ना भाताचं शेत. आमचे लोक त्या भागाला सरळ वाळवंट म्हणतात.

चढायचं आम्ही, दोर धरायचा त्यांनी. बारा वर्षांत ते स्वतः एकदाही चढले नाहीत. "अण्णा, तुम्ही?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "मी वर गेलों तर दोर कोण धरील?" हे वाक्य ते कशालाही लावत. बढतीवर मद्रासला जायचं नाकारलं तेव्हा हेच. बहिणीने काशीला चला म्हटलं तेव्हाही हेच. आम्ही हसायचो आणि त्यांनी बांधलेल्या दोरावर निर्धास्त चढायचो.

त्या वर्षी त्यांची आई गेली होती. निवृत्तीही तोंडावर आली होती. बसची वाट बघताना ते गुडघा चोळत म्हणाले, "ही शेवटची खेप रे व्यंकू. गुडघा आतां ऐकत नाहीं. एकदां ती माळावरची कातळभिंत मी स्वतः चढून पाहणार होतों. राहिलेंच." मी तोंडातला वडा गिळला आणि "हो ना," म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर सुचवून घेतलंही नाही.

बसस्टँडवरच्या दुकानात तेव्हा एक नवीन नवल टांगलेलं होतं: सीलबंद बाटलीतलं, विकायचं पाणी. नटराजन खदाखदा हसला. "कावेरीच्या माणसाला पाणी विकतोय! उद्या पानमळ्यांच्या कुंभकोणमला विड्याची पानं विकायला जाईल." आम्ही सगळे हसलो. आमच्याकडचा माणूस पाणी बरोबर नेतच नाही. दहा पावलांवर कालवा, नाहीतर हातपंप. पाणी ही काय न्यायची वस्तू झाली? रघोजीरावांनी दोर, आकडे, लोखंडी कड्या तीन-तीनदा तपासल्या. चिंचभात, दहीभात, वडे, लोणचं असे चार डबे होते. पाणी कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

दोन कातळांमधल्या कोरड्या घळीतून आम्ही दोराला धरून, बरेचसे बसून आणि थोडेसे घसरून, खाली उतरलो. तळाशी, भिंतीच्या पायथ्याशी, डबे उघडले. चिंचभात संपला आणि आरोक्यसामीने विचारलं, "पाणी कुणाकडे आहे?"

चौघांनी चौघांकडे पाहिलं.

"वर कातळाच्या खळग्यांत पावसाचें पाणी असतें," रघोजीराव म्हणाले. "सकाळीं कडी अडकवतांना पाहिलेंय. चला, चढा." सकाळी पोचताच ते मागच्या शेळ्यांच्या वाटेने वर जाऊन झाडाच्या बुंध्याला कडी अडकवून आले होते. त्या वाटेला पाऊण तास लागे, तोही उन्हातून. भिंत मात्र चाळीस फुटांचीच होती. कडीतून खाली आलेलं दोराचं एक टोक आमच्या कमरेला, दुसरं त्यांच्या हातात. एकेक करून तिघेही वर पोचलो आणि खळग्यात तोंड घालून म्हशींसारखे पाणी प्यालो.

पोट भरल्यावर खालच्या माणसाची आठवण झाली. मी रिकाम्या डब्यात पाणी भरलं, डबा सुतळीला बांधला आणि मोठ्या ऐटीत खाली सोडला. अर्ध्यावर माझी गाठ सुटली. डबा ठणठणत रघोजीरावांच्या पायाशी आपटला आणि पाणी तापल्या कातळावर सांडून बघता बघता वाळलं.

ते ओरडले नाहीत. डबा उचलून कुठे चेपलाय का ते त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "बारा वर्षें तुम्हांस धरलें आणि साधी गांठ शिकवली नाहीं. चूक माझीच."

चूक त्यांची नव्हती. दर वर्षी ते शिकवायला बसत आणि दर वर्षी आम्ही म्हणत असू, "तुम्ही आहात ना!" वर उन्हात उभं राहून मला फार लाज वाटली. या माणसाला चढायचं होतं. बारा वर्षं चढायचं होतं. आणि त्याचा दोर धरता येईल असा आमच्यातला एकही माणूस आम्ही तयार होऊ दिला नव्हता.

दुसरा डबा भरून मी छातीशी धरला. "अण्णा, उतरवा मला." शेवटी मीच चढलो होतो, त्यांनी बांधलेला दोर अजून माझ्या कमरेलाच होता; त्यांनी उतरवलं. ते घटाघटा पाणी प्यायले, मिशी पुसली, आणि मी म्हणालो, "आता गाठ शिकवा. आज दोर मी धरणार."

"वेड लागलें कीं काय?"

"शिकवा म्हणतो ना!"

वरून नटराजन तमिळमध्ये ओरडला, "राव सार, त्याला शिकवा! नापास झाला तर मी आहे!"

रघोजीरावांनी माझी परीक्षा घेतली तशी आमच्या साहेबांनी कधी कुणाची घेतली नसेल. दहा वेळा गाठ बांधून घेतली. दोराला धोंडा टांगून तो धरायला लावला, अचानक सोडून पाहिला, मी डुलकी घेतोय का तेही पाहिलं. मग कुठे ते तमिळमध्ये "सरी," म्हणजे ठीक, असं पुटपुटले आणि दोर स्वतःच्या कमरेला बांधला.

ते सावकाश चढले. दुखरा गुडघा जपत, प्रत्येक खाच दोनदा चाचपत. मी दोर ओढून घेत राहिलो. अर्ध्यावर पोचले आणि थांबले. मग त्यांनी दोन्ही हात कातळावरून काढून घेतले. दोराला हिसका बसला आणि रघोजीराव हवेत लोंबकळू लागले.

"अण्णा! काय झालं?"

"कांहीं नाहीं रे. धरलेंस नव्हे?"

"धरलंय!"

"घट्ट?"

"घट्ट, अण्णा."

"मग जरा असाच राहतों."

हात मोकळे सोडून, मान मागे टाकून ते आकाशाकडे बघत बसले. माझे तळवे सोलवटत होते, डोळ्यांत घाम जात होता, निदान मी तेव्हा त्याला घामच म्हटलं. "हवा तितका वेळ राहा," मी म्हणालो आणि पाय रोवून उभा राहिलो.