पानदानांतल्या तीन भिंगांची हकीकत

श्री तेजोनारायण प्रसन्न. ज्याचे कृपेनें उजेड पडतो आणि पडलेला उजेड कांचेंतून पार होतो त्यास प्रथम नमन, मग हुजुरांस नमन, मग वाचणारांस. शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे, भाद्रपद वद्य पक्षीं, कोणे एके राज्यांत (नांव लिहिण्याची आज्ञा नाहीं) भिंगाकारणें मोठी गडबड जाहली, ती जैसी पाहिली तैसी लिहितों. लिहिणार हा दरबारी चित्रांतला मागल्या रांगेचा कारकून. एकोणीस वर्षे चाकरी करून अद्याप एकाही चित्रांत ओळखूं आला नाहीं, सबब त्याचें नांव न लिहिलें तरी कोणाची हरकत नसावी.

पूर्वीं राज्यांत छायाचित्र काढण्याचें जें यंत्र होतें त्याचे पोटांत आरसा होता, आणि कळ दाबितांच तो आरसा खाडकन् उडे, तेणेंकरून घोडे बिथरत आणि महाराज डोळे मिटीत. मग महाराजांनीं आज्ञा केली कीं आरसा काढावा, आणि मग परमुलुखांतून बिनआरशाचें यंत्र आणविलें. तें तळहातावर राहील इतकें लहान, वजनास अर्धा शेर, आणि कळ दाबिली तर शेजारच्यासही ऐकूं न ये. सर्वांनीं पेढे खाल्ले. आणि मग भिंगखात्याचे मुख्य सुभानराव भिंगबहाद्दर पुढें होऊन बोलिले, "महाराज, यंत्राचें वजन वांचलें, तें भिंगास द्यावें. वांचलेलें वजन फुकट दवडूं नये." हें दरबारास पटलें. कां पटलें हें पुसूं नये, दरबारांत पटावयास कारण लागत नाहीं. मग वडिलोपार्जित सातशेरी भिंग होतें तें मोडून अकरा शेरांचें नवें केलें, त्यास गजनेत्र ऐसें नांव ठेविलें, आणि त्यास वाहावयास चौघे भोई, वर अबदागीर, पुढें नगारा, आणि शेराप्रमाणें अकरा तोफांची सलामी नेमिली. यंत्र त्या भिंगास लाविलें म्हणजे म्हशीस गोचीड लागल्यासारखें दिसे. सुभानरावांचा मान भिंगाचे वजनावर होता, तोही सातावरून अकरांवर गेला.

आतां या गजनेत्राचा गुण सांगतों, कारण सर्व कलह त्यांतूनच निघाला. भिंगाचे आंत डोळ्याचे बाहुलीप्रमाणें एक झडप असते. ती सताड उघडी ठेविली तर पुढचें एक माणूस स्वच्छ उतरतें आणि मागचा सर्व मुलूख धुक्यांत जातो. ती बारीक केली तर मागचींही माणसें दिसूं लागतात. परंतु झडप बारीक केली तर राज्याची नजर बारीक जाहली ऐसा लौकिक होईल, म्हणोन सुभानरावांचे आजोबांनीं जुने भिंगाची झडप उघडी ठेवून तीवर लाखेची मोहर केली होती, तैसीच गजनेत्रासही केली, आणि मोहर फोडणें म्हणजे राजद्रोह. तेव्हां तीन पिढ्या महाराज तेवढे स्वच्छ आणि बाकी अवघें धुकें. रिवाज ऐसा कीं दरसाल दसऱ्यास स्वारी शिलंगणास सीमेवरील टेकडीवर जावी, पुढें महाराज उभे, त्यांचे डावे खांद्यामागें तीन पावलांवर राणीसाहेब, मागें मानकरी, त्यांचे मागें आम्ही, आणि वर्षाचें एकच चित्र काढावें. दुसरें काढणें मना. कां कीं दुसरें काढिलें तर पहिलें चुकलें ऐसें होतें, आणि महाराजांसमोर कांहीं चुकत नाहीं. एके सालीं महाराजांस शिंक येऊं घातली म्हणोन नाक पुढें जाहलें, तें तेवढें स्वच्छ उतरलें, आणि डोळे, मिशा, पगडी सर्व धुक्यांत गेलें. तेंही चित्र भिंतीवर लाविलें आणि त्या सालच्या सनदांवर 'नासिका विजयी' ऐसा शिक्का पडला.

मागल्या रांगांस या धुक्याचें बहुत सुख होतें. कोणी उभ्यानें झोंप काढी, कोणी शेंगा सोली. एक जहागीरदार नऊ वर्षे स्वतः न येतां काठीवर आपली पगडी धाडीत असे, आणि पगडी वेळेवर हजर होते म्हणोन तिची बढती जाहली. हा लिहिणार वर अंगरखा आणि खालीं घरचा पंचा ऐसा उभा राही, तें कबूल आहे.

परंतु धुक्यांत एक माणूस ऐसें होतें कीं ज्यास सुख नव्हतें. राणीसाहेब मैनावतीबाई यांचे लग्नास एकतीस वर्षे जाहलीं, भिंतीवर एकतीस चित्रें, आणि एकतिसांतही महाराजांचे डावे खांद्यामागें हिरवट डाग. तो राणीसाहेबांचा शालू. त्या भाद्रपदांत शेजारचे राज्याचे वकील आले, भिंत पाहात पाहात चालले, आणि बोलिले, "महाराजांचे मागें केळ मोठी जोमदार आहे. एकतीस वर्षांत वठली नाहीं." राणीसाहेब चिकाचे पडद्यामागें होत्या, त्यांनीं ऐकिलें, आणि पडदा सारून तैशाच दरबारांत आल्या आणि बोलिल्या, "ती केळ मी आहें." वकील घाबरून नमस्कार करिते जाहले, पण चित्राकडे तोंड करून. मग राणीसाहेब महाराजांस बोलिल्या, "यंदाचे चित्रांत माझें तोंड दिसलें पाहिजे. न दिसलें तर दसऱ्याचे दुसरे दिवशीं मी माहेरीं जाईन ती परत येणार नाहीं. तेथें माझें तोंड सर्वांस ठाऊक आहे." हें ऐकून महाराजांस फार वाईट वाटलें. महाराजांस राणीसाहेब पाहिजेत, हें खरें. आणि धुकेंही पाहिजे, हेंही खरें. महाराज कष्टी होऊन बोलिले, "मागें काय चाललें आहे तें पाहूं लागलों तर आम्हीं राज्य कधीं करावें?"

मग छायानवीस निळो भास्कर यांस बोलाविलें. हा गृहस्थ चोवीस वर्षे भिंग पेलून उजवे खांद्यानें चार बोटें खालीं गेला होता, शिंपी त्याचा अंगरखा दोन मापांनीं शिवी. त्यानें मुजरा केला, तोही तिरपा. राणीसाहेबीं पुसिलें, "झडप बारीक होत नाहीं काय?" सुभानराव मध्यें पडून बोलिले, "मोहर आहे." राणीसाहेब बोलिल्या, "तर दुसरें भिंग नाहीं काय?" तेव्हां निळोपंतांनीं इकडे तिकडे पाहिलें, कमरेचें पानदान काढिलें, आणि झांकण उघडून पुढें ठेविलें. आंत चुन्याचे जागीं, सुपारीचे जागीं आणि काताचे जागीं तीन भिंगें. प्रत्येक पाव शेराचें. दरबारांत कोणी हसले, कोणी कानावर हात ठेविले. निळोपंत बोलिले, "सरकार, खांदा राहिला नाहीं तेव्हां हीं गुपचूप मागविलीं. यंत्र हलकें आणि भिंग अकरा शेरांचें, तर आरसा काढून काय मिळविलें? हें पहिलें रुंद नजरेचें, अवघी टेकडी यांत मावते, पण कडेचीं माणसें ताणून लांबट होतात. हें दुसरें लांब नजरेचें, दुरून चेहरा आणितें, पण भारी भिंगाइतका उजेड घेत नाहीं, ऊन उतरलें कीं काळवंडतें. हें तिसरें मधलें. हें पुढें मागें सरकत नाहीं, आपल्यासच पायांनीं पुढें मागें व्हावें लागतें. पण डोळ्यास जैसें दिसतें तैसें उतरतें, आणि याची झडप मोकळी आहे."

राणीसाहेबीं तिन्ही भिंगें बाजारांत वांगीं पारखावीं तैशीं तळहातावर घेऊन पाहिलीं, आणि मग तिसरें उचलून पुसिलें, "यांत मी कैशी दिसेन?" निळोपंत बोलिले, "सरकार, आहांत तशा." राणीसाहेबीं बाकीचीं दोन पानदानांत परत ठेविलीं. मग बोलिल्या, "हेंच."

येथून पुढें तीन आठवडे राज्यांत दुसरा विषय नाहीं. सुभानराव बोलिले, "हें भिंग कीं लिंबू? शत्रूनें पाहिलें तर सरबत करावयास मागेल!" मग सलामीचा प्रश्न निघाला. शेरास एक तोफ, तर पाव शेरास पाव तोफ, आणि पाव तोफ कैसी डागावी हें कोणास ठाऊक नाहीं. गोलंदाजानें पाव दारू भरून डागून पाहिली, तों गोळा तोंडातून निघून त्याचेच पायाशीं बसला, आणि त्यानें तो उचलून जागचे जागीं ठेविला. मग मागल्या रांगांनीं मिळोन अर्ज केला कीं आम्हांस स्वच्छ न करावें, आमचे घरीं आम्हीं दरबारांत कैसे उभे राहतों याचें निराळें वर्णन केलेलें आहे. त्या अर्जावर या लिहिणाराचीही सही आहे, हेंही कबूल. आणि सुभानराव, जे एवढे गर्जत होते, ते एके दुपारीं भिंगखान्यांत गजनेत्राचे मखमलीवर डोकें ठेवून रडतांना या लिहिणारानें पाहिले. म्हणाले, "अकरा शेरांचा मी भिंगबहाद्दर. पाव शेराचा मी कोण रे?" तेव्हां त्यांची दया आली. माणूस वाईट नव्हता, वजनास लागलेला होता.

महाराजांकडून निकाल होईना. राणीसाहेबांचे महालांत पेटारे भरूं लागले, त्यांचा आवाज दरबारांत ऐकूं येई, आणि प्रत्येक पेटारा मिटला कीं महाराज बसल्या जागीं दचकत. शेवटीं महाराजांनीं ऐसें ठरविलें कीं दोन्ही न्यावीं, गजनेत्रही न्यावें आणि पानदानही न्यावें, आणि टेकडीवर जें आधीं सिद्ध होईल तेणें चित्र काढावें. खंडेनवमीस शस्त्रांबरोबर दोन्हींची पूजा जाहली. गजनेत्रास झेंडूचा हार घातला. पानदानांतले भिंगास हार घालितां तें दिसेनासें जाहलें, म्हणोन एक पाकळी वाहिली.

दसऱ्याचे दिवशीं तिसरे प्रहरीं स्वारी निघाली. टेकडीची वाट उभी, आणि गजनेत्र पालखींत, तेव्हां भोई दहा पावलें चढत आणि पांच पावलें मागें येत. एका वळणावर पालखी अडली, तेव्हां सुभानराव बोलिले, "वाट रुंद करा!" आणि डोंगर फोडावयास माणसें लाविलीं. निळोपंत पानदान कमरेस लावून सर्वांचे आधीं वर पोंचले, इतकेंच नव्हे तर वाटेंत आपट्याचीं पानेंही तोडून आणिलीं. राणीसाहेब तोच हिरवा शालू नेसून आल्या आणि नेमल्या जागीं उभ्या राहिल्या. खालीं पेटाऱ्यांच्या गाड्या जुंपलेल्या होत्या, त्या टेकडीवरून सर्वांस दिसत होत्या, महाराजांसही दिसत होत्या. मग बऱ्याच वेळानें गजनेत्र आलें, तें चौथऱ्यावर चढवूं लागले, आणि महाराज रिवाजाप्रमाणें छाती काढून, हनुवटी उचलून, नगाऱ्याची वाट पाहात उभे राहिले. एकतीस वर्षे नगारा वाजल्यावांचून चित्र जाहलें नव्हतें.

निळोपंतांनीं मधलें भिंग यंत्रास लाविलें आणि झडप बारीक केली. हें भिंग पायांनीं चालवावयाचें, म्हणोन ते चार पावलें पुढें आले, तीन मागें गेले, दोन पुढें आले, आणि पुन्हां मागें गेले. महाराजांनीं हें पाहिलें. महाराजांचे नजरेंत एक मनुष्य मुठींत कांहीं काळें घेऊन जवळ येतो आणि परत जातो, आणि नगारा तर नाहीं. महाराजांस कांहीं उमजेना. मग महाराज, जे एकतीस वर्षांत उभे राहिल्यावर एकदांही वळले नव्हते, ते मागें वळोन राणीसाहेबांस बोलिले, "अहो, हा निळो विडा द्यावयास येतो, मग न देतां परत कां जातो?"

राणीसाहेब हसल्या. प्रथम पदर तोंडास लाविला, मग पदरही सुटला, आणि त्या मान मागें टाकून मोकळ्या हसल्या, डोळ्यांस पाणी येईतों हसल्या. निळोपंतांनीं कळ दाबिली. आवाज जाहलाच नाहीं, म्हणोन कोणास कळलें नाहीं. मग ते बोलिले, "झालें." सुभानराव चौथऱ्यावरून ओरडले, "काय झालें?" निळोपंत बोलिले, "यंदाचें चित्र." आणि तेव्हां कोठें नगारा वाजला.

दुसरे दिवशीं सकाळीं चित्र कागदावर उतरवून दरबारांत आणिलें. गाड्या दारांत उभ्या होत्या. चित्र उघडिलें तों मागल्या रांगांनीं डोळे मिटिले, कारण शेंगा दिसल्या, काठीवरची पगडी दिसली, पंचाही दिसला. परंतु तें कोणी पाहात नव्हतें. चित्राचे मध्यभागीं राणीसाहेब. कपाळावरचें कुंकू स्वच्छ, गळसरीचा मणी न् मणी स्वच्छ, एक दांत किंचित वांकडा तोही स्वच्छ, आणि अवघें तोंड हसत आहे. आणि त्यांचे पुढें महाराजांची पाठ, आणि पाठीवर पगडीचा मागला सोगा.

सुभानराव बोलिले, "राज्याचे चित्रांत राजाची पाठ! महाराज, रिवाज मोडो, पण पुन्हां काढवावें." महाराज चित्राजवळ गेले, बहुत वेळ पाहात राहिले, आणि मग पुसिलें, "निळोपंत, यांत आमचें तोंड कोठें आहे?" निळोपंत बोलिले, "सरकार, राणीसाहेबांकडे." महाराजांनीं मान हालविली, आणि राणीसाहेबांकडे वळोन हळू बोलिले, "तुम्ही म्हणाल तैसें. पुन्हां काढवूं?"

राणीसाहेब बोलिल्या, "राहूं द्या. एकतीस वर्षे ही पाठ मी एकटीनें पाहिली. आतां मुलुखानेंही पाहावी."

येणेंप्रमाणें गाड्या सुटल्या, पेटारे उघडले, आणि चित्र भिंतीवर चढलें. गजनेत्र टेकडीवरच राहिलें, सुभानराव आतां हलक्या भिंगांचे मुख्य आहेत आणि पूर्वींपेक्षां बरे जेवतात. निळोपंतांचा खांदा एक बोट वर आला. हुजुरांनीं आज्ञा केली म्हणोन इतकें लिहिलें. अधिक उणें असेल तें चित्रांत पाहून घ्यावें.